व्यसन सुटतं, ‘आपण वाया गेलो’ हे सुटत नाही

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या माणसाची तब्येत पहिल्या महिन्यातच सगळ्यांच्या नजरेत भरते. हाताची थरथर थांबलेली असते, वेळेवर भूक लागते, चेहऱ्यावरची सूज उतरते. शेजारीपाजारी म्हणतात, ‘सुधारला हो!’ घरातली मंडळी मात्र तो बाथरूममध्ये जरा जास्त वेळ राहिला की एकमेकांकडे बघतात. तो बाहेरून आला की कोणीतरी काहीतरी निमित्त काढून जवळ येतं आणि वास घेतं. कपाटाची किल्ली अजून आईच्या कमरेलाच असते. त्याला हे सगळं दिसतं. पीत होता तेव्हाही दिसत असेल, पण रात्री त्यावर उतारा होता. आता उतारा नाही. वीस वर्षांत काय काय झालं ते दुपारी बारा वाजता, पूर्ण शुद्धीत, डोळ्यांसमोर येऊ लागतं.

कुटुंबाला वाटतं उपचार संपले. खरं तर मनावरच्या उपचारांची गरज इथून पुढे सुरू होते.

दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या ५.७ कोटींना पिण्यामुळे मदतीची गरज आहे. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत एकाला कसले तरी उपचार मिळतात आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. म्हणजे जो घरी परत आला आहे तो मुळातच दुर्मीळ माणूस आहे. त्याला ‘आता मनाचा निग्रह ठेव’ एवढ्या सल्ल्यावर सोडून देणं हा मोठा अपव्यय आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम, घरच्या घरी, डॉक्टरला न विचारता दारू बंद करणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो. हा टप्पा औषधांचा आहे, समुपदेशनाचा नाही. या लेखातलं सगळं त्यानंतरचं आहे.

लाज आणि पश्चात्ताप

व्यसनी माणसाला लाज नसते, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. समुपदेशकांचा अनुभव उलटा असतो. लाज इतकी असते की ती झाकायला राग, थापा, बढाया आणि ‘माझ्या पैशाची पितो’ असली भाषा लागते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांनी लाज आणि अपराधभाव या दोन भावनांवर बरंच काम केलं आहे. ‘मी वाईट केलं’ असं वाटणारा माणूस ते निस्तरायला जातो, माफी मागतो, नुकसान भरून द्यायचा प्रयत्न करतो. ‘मी मुळातच वाईट’ असं वाटणारा लपतो, दुसऱ्यावर ढकलतो आणि ज्या गोष्टीने ते वाटणं तासभर बंद होतं तिच्याकडे पुन्हा वळतो. व्यसनातून उठणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती गोष्ट कोणती, हे सांगायला नको.

म्हणूनच टोमण्यांनी व्यसन सुटत नाही. ‘तू पोटी आलाच नसतास तर बरं झालं असतं’ या वाक्यातून त्याच्या कानावर नवीन काहीच पडत नाही. तो स्वतःला हे रोज सांगतच असतो.

महाराष्ट्रात ही गोष्ट फार आधी ओळखली ती पुण्याच्या मुक्तांगणने. अनिल अवचट यांनी ब्राऊन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या पोरांवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे झाले आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. तिथे दाखल होणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. जुने रुग्णमित्र पुढे तिथेच कार्यकर्ते, समुपदेशक म्हणून काम करू लागले. नव्याने आलेल्या, कोणाशी न बोलणाऱ्या माणसासमोर जेव्हा असा एखादा जण बसतो आणि ‘मीही इथेच, याच अवस्थेत आलो होतो’ म्हणतो, तेव्हा औषधांना आणि भाषणांना न जमणारं काही तरी होतं. समोरचा माणूस हाच पुरावा असतो.

एलिसचा उलटा सल्ला

आत्मसन्मान कमी झाला असेल तर तो वाढवा, हे ऐकायला सोपं वाटतं. आरशासमोर उभं राहून ‘मी श्रेष्ठ आहे’ म्हणा, स्वतःच्या चांगल्या गुणांची यादी करा, असले उपाय मोबाइलवर रोज फिरतात. विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचा जनक अल्बर्ट एलिस याचं म्हणणं मात्र वेगळं होतं. १९५५ च्या सुमारास त्याने ही पद्धत मांडली आणि २००५ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, आत्मसन्मान हे एक मिथकच आहे असं सांगणारं पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा : आत्मसन्मान म्हणजे स्वतःला गुण देणं. चांगलं वागलो की वरचे गुण, चुकलो की नापास. ज्याचं आयुष्य चुकांनी भरलेलं आहे त्याला ही परीक्षा कधीच झेपणार नाही. त्यापेक्षा परीक्षाच बंद करा. कृतीला जरूर गुण द्या, कडक गुण द्या. संपूर्ण माणसाला देऊ नका. याला तो विनाअट स्वस्वीकार म्हणतो.

हा विचार मराठीत चांगला रुजलेला आहे. मुंबईचे मानसतज्ज्ञ किशोर फडके यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत भारतात आणली, शिकवली. डॉ. अंजली जोशी यांनी एलिसच्या आयुष्यावर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था १९९० मध्ये सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी मुक्तांगणच्या कामाशीही जवळून जोडलेले. त्यांनी ही पद्धत व्याख्यानांतून, पुस्तकांतून सर्वसामान्यांपर्यंत नेली. अमेरिकेत १९९४ पासून चालणारे ‘स्मार्ट रिकव्हरी’ हे स्वमदत गटही याच विचाराचा मोठा आधार घेतात.

‘विनाअट’ हा शब्द ऐकला की घरच्यांच्या कपाळावर आठ्या येतात. म्हणजे त्याने बायकोचं मंगळसूत्र विकलं तेही स्वीकारायचं? तर नाही. मंगळसूत्र विकणं वाईटच. ते भरून द्यायचं कसं, हा हिशेब बसून करायचा. पण जो माणूस ‘मी म्हणजे घाण’ असं म्हणतो तो हिशेबाला बसतच नाही. घाणीकडून कोण काय वसूल करणार? स्वतःला पूर्ण नापास करणं ही एका अर्थी जबाबदारीतून सुटकाच असते.

एक पान जवळून

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते एका प्रसंगातून पाहू. हा माणूस काल्पनिक आहे, पण असे प्रसंग समुपदेशकासमोर वारंवार येतात.

चाळिशीतला गॅरेजवाला. दारू बंद करून चार महिने झाले आहेत. मामेबहिणीचं लग्न निघालं. हॉलवाल्याला आणि केटररला द्यायचे पैसे मामांनी त्याच्या हातात न देता, सगळ्यांसमोर, त्याच्या धाकट्या भावाकडे दिले. तो मांडवातून उठला आणि चालत चालत कोपऱ्यावरच्या परमिट रूमसमोर जाऊन उभा राहिला. आत गेला नाही. तिथून केंद्रातल्या मित्राला फोन केला. दोन दिवसांनी फॉलोअपला हा विषय निघाला.

‘मामांच्या जागी तुम्ही असतात तर?’ समुपदेशक विचारतात.

तो गप्प. मग म्हणतो, ‘मॅडम, दोन वर्षांपूर्वी गणपतीची वर्गणी माझ्याकडं होती.’

‘मग?’

‘उडवली.’

‘मग मामांनी केलं ते चूक की बरोबर?’

‘त्यांच्या बाजूनं बरोबर. पण सगळ्यांदेखत? माझ्यावर कुणाचाच भरवसा नाही म्हणजे माझी किंमत शून्यच की. मग नाही पिलो तरी काय उपयोग?’

‘वर्गणी उडवली ती तुम्हीच, आणि चार महिने सकाळी आठला गॅरेजचं शटर उघडतात तेही तुम्हीच. यातल्या कोणाला धरून किंमत लावायची?’

यावर उत्तर लगेच येत नाही. येऊही नये. मग एक कागद घेतला जातो आणि त्याचे चार रकाने पाडले जातात. पहिल्यात घटना : मामांनी पैसे भावाकडे दिले. एवढंच, ‘अपमान केला’ हे घटनेत येत नाही, तो अर्थ आहे. दुसऱ्यात त्या क्षणी मनात आलेली वाक्यं, जशीच्या तशी : ‘त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवायलाच हवा होता. नाही ठेवला म्हणजे मी कवडीमोलाचा. हे सहनच होत नाही.’ तिसऱ्यात परिणाम : संताप, छातीत धडधड, मांडव सोडला, परमिट रूम. चौथा रकाना उलटतपासणीचा. विश्वास ठेवायलाच हवा, असा नियम कोणी केला? सहन होत नाही म्हणता, पण दोन दिवस सहन करूनच इथे आलात ना? एका व्यवहारावरून सबंध माणसाची किंमत निघते का?

शेवटी त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं, समुपदेशकाच्या नव्हे. त्याने लिहिलं : ‘वाईट वाटलं. वाटणारच. विश्वास परत यायला वेळ लागेल, त्याची तारीख मी ठरवू शकत नाही. पुढच्या वेळी मांडव सोडणार नाही, पंगतीत वाढायला घेईन.’

हे वाक्य फार थोर नाही, आणि तेच त्याचं बळ आहे. ‘मला काहीच वाटलं नाही’ असं त्याने लिहिलं असतं तर चांगल्या समुपदेशकाने ते खोडायला लावलं असतं. ही पद्धत वाईट वाटणं घालवत नाही. वाईट वाटणं आणि उद्ध्वस्त होणं यांतलं अंतर वाढवते. असा कागद रोज रात्री, जेवणानंतर, दहा मिनिटं काढून लिहिला तर तीन-चार आठवड्यांत तीच तीन-चार वाक्यं पुन्हा पुन्हा येताना दिसतात. ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्याने मोबाइलवर स्वतःच्या आवाजात नोंद करावी. शिक्षण कमी आहे म्हणून ही पद्धत जमणार नाही, हे खरं नाही. उलटतपासणी आपल्याकडे पारावरही उत्तम चालते.

‘माझ्यासाठी एवढं तरी करायलाच हवं’

आत्मसन्मान नेहमी खालीच असतो असंही नाही. दोन-तीन महिने झाले की काहींचा पारा एकदम चढतो. आपण केवढी मोठी गोष्ट केली, घरच्यांना तिची किंमत नाही, आता मुलांनी ऐकलंच पाहिजे, बायकोने जुनं काढायचं नाही. बायकोने पंधरा वर्षं जे सोसलं त्यावर तीन महिन्यांत पडदा पडावा, अशी ही मागणी असते. ती पुरी होत नाही, मग ‘बघा, कोणाला काही पडलेलं नाही’ हे पुढचं वाक्य तयार असतं. एलिस ज्यांना आग्रही मागण्या म्हणतो त्या याच. ‘व्हावं’ आणि ‘व्हायलाच हवं’ यांतल्या ‘च’वर समुपदेशनातला बराच वेळ खर्च होतो, आणि तो सार्थकी लागतो.

दुसरी वृत्ती म्हणजे ‘सगळं किंवा काहीच नाही’. अॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात, व्यसन पुन्हा सुरू होण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास करताना, यावर बोट ठेवलं. एखाद्या दिवशी तोल जातो, एक पेग घेतला जातो. त्या एका पेगपेक्षा त्यानंतरचा विचार जास्त नुकसान करतो : ‘घेतलीच ना, आता मोडलंच. माझ्यात दमच नाही.’ मग बाटली संपते, आठवडा जातो, नोकरी जाते. मार्लाटच्या मते त्या क्षणी घसरण्याचा दोष स्वभावाला द्यायचा की परिस्थितीला, यावर पुढचं ठरतं. ‘पगाराचा दिवस, जुना मित्र, रिकामं पोट, आणि फोन केला नाही’ असं कारण सापडलं तर पुढच्या पगाराच्या दिवशी काही करता येतं. ‘मीच तसला’ यावर करण्यासारखं काही नसतं.

आपल्याकडे या वृत्तीला एक खास रूप आहे. माळ घालणं, देवापुढे सोडणं, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणं. माळेचा उपयोग नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. वारकरी होऊन कायमची दारू सोडलेली माणसं गावोगाव आहेत. माळ नवी ओळख देते, नवी संगत देते, संध्याकाळच्या नेमक्या धोक्याच्या वेळी हरिपाठाला बसवते. पण शपथेची गोष्ट वेगळी. शपथ मोडली की घसरण्याच्या जोडीला पाप येतं, आणि पाप कोणी सांगत नाही, लपवतं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली आणि त्याच आठवड्यात मुलाला ताप आला, तर बापाच्या मनात काय चालेल याची कल्पना करावी. घरच्यांनी शपथा घ्यायला लावू नयेत.

त्याऐवजी घसरण झाली तर काय करायचं हे शुद्धीत असताना, केंद्रातल्या माणसासमोर, लिहून ठेवावं. पहिला फोन कोणाला. तो लागला नाही तर दुसरा कोणाला. घरी सांगायचं ते कोणी, किती वेळात. हा कागद पाकिटात राहावा. ब्राऊन शुगर किंवा तशा मादक पदार्थांतून बाहेर पडलेल्यांच्या घरी यात आणखी एक ओळ हवीच : काही काळ बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वीची नेहमीची मात्राही आता जीव घेऊ शकते. अशा वेळी भांडण नंतर, दवाखाना आधी.

नकार देण्याचा सराव

एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर, बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी जाऊन बोलायचं ठरवलं. शंभरेक जणींशी बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण कोणी आरडाओरडा केला नाही, पोलीस आले नाहीत, भीती मात्र गेली. पुढे त्याच्या उपचारांत लाज वाटणाऱ्या गोष्टी मुद्दाम करून बघण्याचे सराव आले ते अशा अनुभवांतून.

आपल्याकडे लाजेची जागा म्हणजे हळद, वरात, गटारी, एकतीस डिसेंबर. ‘घेत नाही’ म्हणायला दारू सोडलेल्या माणसाला जितकी लाज वाटते तितकी पिऊन पडण्याचीही वाटलेली नसते. ‘एकानं काय होतंय’, ‘बायकोला भितोय’, ‘भाऊ आता साधू झाले’ ही वाक्यं ठरलेली आहेत. ती केंद्रात किंवा घरी कोणाला तरी म्हणायला लावून, उत्तराचा चक्क तोंडी सराव करावा. उत्तर छोटं असावं. ‘मला चालत नाही, बंद केलीय’ पुरे. खोटं कारण (‘अँटिबायोटिक चालू आहे’) एका रात्रीपुरतं काम करतं, पण दर वेळी नवीन कारण लागतं, आणि जुन्या थापांची सवय परत येते. पहिले सहा महिने वरातीला न जाणंही शहाणपणाचं. अक्षता टाकून, जेवून घरी यावं. कोणी नावं ठेवली तर ठेवू द्यावीत. सराव त्याचाच आहे.

आत्मसन्मानाचा उरलेला भाग बोलण्याने येत नाही, करण्याने येतो. आणि करायचं ते मुद्दाम लहान ठेवावं लागतं. ‘बायकोला सोन्याचं गंठण करीन’ यापेक्षा ‘गुरुवारी गॅस सिलिंडरचा नंबर मी लावीन’ हे जास्त मोलाचं, कारण ते गुरुवारी होतं की नाही हे गुरुवारीच कळतं. उधाऱ्यांसाठी वेगळी वही करावी. कोणाचे किती, यातलं आठवतं तेवढं लिहावं, महिन्याला झेपेल अशी रक्कम ठरवावी आणि ज्याचे द्यायचे त्याला आपण होऊन जाऊन सांगावं. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतही आठवी पायरी ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करण्याची आणि नववी ते भरून काढण्याची आहे. तिथे एक शहाणी अट आहे : भरपाई करताना त्या माणसाला किंवा इतरांना नव्याने इजा होणार असेल तर करू नये. दहा वर्षांपूर्वीच्या भानगडीची कबुली बायकोला देऊन स्वतः हलकं होणं आणि तिला रात्रभर जागं ठेवणं, हे भरपाईत बसत नाही. माफी मागताना ‘दारूनं करवलं’ हे शब्द टाळावेत. काय केलं ते सांगावं, आता काय करणार ते सांगावं, आणि समोरच्याला माफ न करण्याची मोकळीक ठेवावी.

घरच्यांनी काय करावं

सर्वांत आधी, गुपचूप औषध देणं बंद. ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून भाजीत, चहात पूड मिसळणारी घरं अजूनही आहेत. डायसल्फिरॅमसारखं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम उतरणं असे प्रकार होतात. हृदयरोग्याचा जीव जाऊ शकतो. हे औषध त्याला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं. शिवाय गुपचूप दिलं तर ज्या दिवशी त्याला ते कळेल त्या दिवशी घरातल्या अन्नावरचाही विश्वास जाईल.

वास घेण्याबद्दल : शंका येणं स्वाभाविक आहे, ती दाबू नये. पण हेरगिरीऐवजी उघड ठराव करावा. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, फॉलोअपच्या आधी ‘या आठवड्यात कधी तलफ आली, काय केलं’ हे विचारायचं आणि त्याने सांगायचं. एरवी विषय काढायचा नाही. पैशांचंही तसंच, किल्ली एकदम देऊ नये आणि जन्मभर ठेवूही नये. आज भाजीचे पैसे, पुढच्या महिन्यात लाइट बिल, त्यापुढे मुलांची फी, अशी चढती भाजणी ठरवून सांगावी. कौतुक करायचं तर कृतीचं आणि नेमकं. ‘तू आता देवमाणूस झालास’ हे कौतुक त्याला पेलत नाही, त्याच्या आतल्या आवाजाला ते खोटं वाटतं. ‘शाळेच्या मीटिंगला वेळेवर पोचलात, बरं झालं’ हे पेलतं.

आणि बायकोचं काय? लेख त्याच्या आत्मसन्मानावर आहे, पण घरात सर्वांत खचलेला आत्मसन्मान बहुधा तिचा असतो. त्याच्या पिण्याला ‘तूच कारण’ हे तिने सासरी वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं. मुक्तांगणने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला तो याचसाठी. नवरा दाखल असो, सुटलेला असो की पुन्हा घसरलेला, तिने स्वतःसाठी समुपदेशन घ्यावं. त्याचं बरं होणं तिच्या बरं होण्याची अट असू नये.

बाई स्वतःच व्यसनी असेल तर सगळंच अवघड होतं. पुरुषाला समाज ‘बिघडला’ म्हणतो, बाईला त्याहून पुष्कळ वाईट. त्यामुळे बायका उपचाराला उशिरा येतात, घरचे लपवतात, केंद्रांत त्यांना जागा नसते. मुक्तांगणने २००९ मध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग सुरू केला. अशा स्वतंत्र सोयी थोड्या आहेत. म्हणून पुरुषांच्या गटात बाईला बसवून वेळ मारून नेण्यापेक्षा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे बाह्यरुग्ण म्हणून सुरुवात केलेली बरी.

पहिली भेट

दारू थांबल्यावर पहिले काही आठवडे उदास वाटणं, झोप न लागणं नेहमीचं आहे. उदासी बऱ्याच जणांत दोन ते चार आठवड्यांत उतरते; झोप नीट व्हायला काही महिने लागू शकतात. उदासी उतरली नाही तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला वेगळे उपचार आहेत. मरणाचे विचार बोलून दाखवले तर मात्र एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही मानसिक आजारात धरलं आहे. म्हणजे सन्मानाने वागवलं जाण्याचा रुग्णाचा हक्क इथेही लागू होतो. जिथे मारहाण होते, साखळी असते, घरच्यांना भेटू देत नाहीत, अशा ‘कडक शिस्तीच्या’ केंद्रात माणूस टाकू नये. तिथून तो शिस्त घेऊन येत नाही, आणखी थोडी लाज घेऊन येतो. केंद्र निवडताना मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, समुपदेशक कोण, सुटल्यावर फॉलोअप किती काळ, हे तीन प्रश्न तरी विचारावेत. तिसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे बघावं.

समुपदेशक पहिल्या भेटीत कदाचित दहा विधानांची प्रश्नावली भरायला देतील. मॉरिस रोझेनबर्गने १९६५ मध्ये तयार केलेली ही आत्मसन्मान मोजण्याची पट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात कमी गुण आले म्हणून दचकू नये. तीन-चार महिन्यांनी पुन्हा भरल्यावर काय बदललं हे बघण्यासाठी ती असते. जाताना आधीच्या उपचारांचे कागद, चालू औषधांची पाकिटं आणि शेवटचं कधी, किती घेतलं याची खरी नोंद न्यावी. घरच्यांनी सोबत जावं, पण आपली बाजू सांगायला वेगळी वेळ मागावी. त्याच्यासमोर त्याच्या पंधरा वर्षांचा पाढा वाचला तर तो दुसऱ्या भेटीला यायचा नाही. आणि पुढची तारीख तिथून निघण्यापूर्वीच घ्यावी. घरी जाऊन फोन करू म्हटलं की तो फोन बहुतेक वेळा राहून जातो.